घड्याळजीचा गळ

बशीत उघड्या पोटाचं मनगटी घड्याळ. बंद.

पांढऱ्या टेबलक्लॉथवर द्राक्षरसाचा डाग, तळहाताएवढा.

अर्धाच भरलेला चहाचा कप. बायकोने मुद्दाम अर्धा भरलेला, आणि मुद्दाम दुसरीकडे बघत पुढे सरकवलेला.

तळ्याच्या लाकडी धक्क्यावर उताणं पडून जांभई देणारं कुत्रं.

"घे," घड्याळजी म्हणाला आणि गळाची काठी त्याने न्हाव्यापुढे धरली. काठीचं टोक थरथरत होतं. वारा नव्हता.

कुत्र्याचा या गोष्टीशी फारसा संबंध नाही. बाकी सगळ्याचा आहे. घड्याळजीचे हात वर्षभरापासून कापत होते. आधी चिमट्यातून स्क्रू निसटायला लागले. मग दुकान मुलाच्या ताब्यात गेलं. आणि गेल्या महिन्यात, चर्चमध्ये, प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा पेला ओठांपर्यंत पोचायच्या आतच सांडला. कोणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी डागावर गीतांचं पुस्तक ठेवून वेळ मारून नेली. पण त्या न बोलण्यानेच घड्याळजी मेल्याहून मेल्यासारखा झाला. उद्या पुन्हा प्रभुभोजन होतं. त्याने ठरवून टाकलं होतं: चर्चला जायचं नाही, गळ टाकायचा नाही. जिथे हात चारचौघांत पुढे करावे लागतात तिथे पायच ठेवायचा नाही.

न्हावी काठीकडे बघतच राहिला. दोघांची लग्नं व्हायच्या आधीपासून दर शनिवारी सकाळी ते या धक्क्यावर बसत आले होते. इतक्या वर्षांत घड्याळजीने आपल्या काठीला त्याला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं.

"घेईन की," न्हावी म्हणाला. "पण आधी टाकून दाखव. कात्री घेतानासुद्धा मी दुकानदारासमोर कापून बघतो."

"माझी काठी तुला माहीत नाही होय रे?"

"काठी माहीत आहे. तुझा भरवसा नाही. घरी मोडून माझ्या गळ्यात मारायला आणली असशील."

घड्याळजी चरफडत बसला. आमिष लावायला त्याला फार वेळ लागला. न्हाव्याने मदत केली नाही. तो कुत्र्याचं पोट खाजवत राहिला. शेवटी दोरी सोडायला घड्याळजी नेहमीसारखा डावीकडे वळला.

"उजवीकडे टाक."

"डोकं फिरलंय का? उजवीकडे नुसतं शेवाळ. तिथे जन्मात कुणाला बेडूकसुद्धा लागला नाही."

"रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने बसलेल्या शिष्यांना प्रभूने काय सांगितलं?"

घड्याळजी नाइलाजाने म्हणाला, "उजवीकडे टाका."

"मग? त्यांनी तुझ्यासारखी हुज्जत घातली?"

"सांगणारा कोण होता ते बघ. तू दाढ्या करतोस."

पण टाकला त्याने उजवीकडेच. बुचाचा तुकडा पाण्यावर स्थिर होईना. हाताची थरथर काठीत उतरत होती, काठीची दोरीत, दोरीची बुचात, आणि बुचाभोवती बारीक बारीक वलयं उठून लांब पसरत होती. घड्याळजीने मान खाली घातली. आता अख्ख्या तळ्याला कळलं, असं त्याला वाटलं.

आणि बूच गेलं. हळूच बुडालं वगैरे नाही. गेलंच.

काठी कमानीसारखी वाकली. "धर! धर लेका! ढील दे! अरे ढील!" न्हावी धक्क्यावर नाचत ओरडायला लागला. कुत्रं उठून त्याच्यावरच भुंकलं. घड्याळजीने काठी दोन्ही हातांनी धरली, कोपराने दाबली, गुडघ्यात आवळली. दोरी सोडली, ओढली, पुन्हा सोडली. हे सगळं हातांना पाठ होतं. थरथरतानासुद्धा पाठ होतं. अखेर हातभर लांबीचा मासा धक्क्यावर आपटत पडला.

"आमिष जिवंत वाटावं म्हणून मी मनगट हलवून हलवून मरतो," न्हावी धापा टाकत म्हणाला. "तुझं बसल्या जागी हलतंय. आणि म्हणे काठी घे!"

घड्याळजी त्याला एक शेलकी शिवी देणार होता. पण मधेच हसू आलं, आणि आलं ते थांबेना.

दोघांचा एक जुना नियम होता: पहिला मासा ज्याचा, प्रार्थना त्याची. न्हाव्याची एका दमात आटपायची: देवा, तू बघतोयसच, आमेन. घड्याळजीची चांगली ऐसपैस असायची. आज हात जोडावेत तर मासा सुटणार. त्याने तो छातीशी धरला आणि डोळे मिटले. थरथर माशाची की हातांची, कळत नव्हतं.

"बापा," तो म्हणाला. पुढचं सुचेना. "बापा, हात हे असे आहेत." मासा निसटत होता; त्याने तो पुन्हा आवळला. "चालतील ना?"

"आमेन म्हण," न्हावी कुजबुजला. "मासा तुझ्या अंगावर मरतोय."

"आमेन."

उठताना घड्याळजीने काठी सदऱ्याच्या टोकाने पुसली, दोरी गुंडाळली. न्हाव्याने मोठ्या ऐटीत हात पुढे केला. घड्याळजीला तो दिसलाच नाही. काठी आपल्याच खांद्यावर टाकून तो चालायला लागला.

"उद्या चर्चला जाताना हाक मार," तो मागे न बघता म्हणाला. "माझ्या शेजारी बसायचं. आणि पांढरा शर्ट घालू नकोस."

आदल्या संध्याकाळी न्हाव्याने दुकान लवकर बंद केलं होतं आणि मोठं पातेलं भरून उकडलेला मका माशांसाठी धक्क्याच्या उजव्या बाजूला, त्या शेवाळात ओतला होता. मका घड्याळजीच्या बायकोने उकडून दिला होता.