बारव, भाग दुसरा

दैवशालाबाई केस विंचरून, लग्नकार्यातली जांभळी साडी नेसून बाहेर आली तेव्हा योगीराज अंगणात मोबाईलचा स्टँड उभा करत होता. त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, ही नको. ऊसतोडीला घालता ते घाला ना. साडीवरून काकांचा शर्ट असतो, तसं."

"आरं, लोक बघनार हायेत ना?"

"बघणार आहेत म्हणूनच."

तिनं लेकीकडं पाहिलं. प्रियदर्शनी उंबऱ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. व्हिडिओत आपले चित्र काढतानाचे हात दिसतील, एवढंच तिला माहीत होतं. तिनं मान लॅपटॉपमध्ये घातली. दैवशालाबाई आत गेली, आणि आतून पत्र्याच्या पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला.

सेलूच्या कॉलेजात एका बाकावर बसणाऱ्या या दोघांनी मिळून एक गेम केला होता. नाव 'बारव'. हातात दिवा घेतलेली एक पोरगी पायऱ्या उतरत बारवेच्या पोटात शिरते, मजल्यामागून मजला खाली जाते आणि अंधारातून जे काही अंगावर येईल त्याच्याशी लढते. कोडिंग योगीराजचं, चित्रं प्रियदर्शनीची. वालूरच्या बारवेत दिवसच्या दिवस बसून तिनं एकेक दगड कागदावर उतरवला होता. ज्यांनी खेळला त्यांना गेम आवडला. पण खेळणारेच थोडे. आता दुसऱ्या भागासाठी त्यांनी इंटरनेटवर लोकांकडं वर्गणी मागितली होती. किती पैसे जमले ते दाखवणारी पानावरची हिरवी पट्टी कोपऱ्यातून हलायला तयार नव्हती. मुदत सरत आली होती, आणि ठरलेला आकडा गाठला नाही तर आलेलं सगळं ज्याचं त्याला परत जाणार होतं.

"लोक गेम बघत नाहीत, प्रियू. माणूस बघतात," योगीराज हळू आवाजात म्हणाला.

"मग मला घे व्हिडिओत."

"तू जीन्स घालतेस."

दैवशालाबाई शर्ट चढवून आली. आढ्याला पोत्यात गुंडाळून खोचलेला कोयता तिनं स्वतःच काढून आणला होता. योगीराजनं तिला भिंतीचा रंग उडाला होता तिथं उभं केलं.

"एवढंच म्हणायचं, काकू. माझ्या मुलीला मदत करा."

"मदत कामून?" तिला खरंच कळेना. "हिनं केलंय ते इकायलोत ना आपन? मंग इकत घ्या म्हनते."

"तसं म्हणून बघितलं, काकू. कुणी घेईना."

दैवशालाबाई पुन्हा लेकीकडं बघू लागली. प्रियदर्शनीसमोर स्क्रीनवर पाण्याखालचे मजले उघडे होते. शेवाळलेले खांब, बुडालेला नंदी, दिवा विझल्यावर पोरीच्या तोंडावर पडणारा निळा उजेड. सगळं काढून तयार होतं.

"तो म्हणतो तसं म्हण, माय," ती म्हणाली.

दैवशालाबाईनं कोयता बगलेत धरला आणि कुणी न सांगता हात जोडले. तिची मान किंचित कलली, आवाज बारीक झाला. हा चेहरा प्रियदर्शनीनं पाहिलेला होता. लहानपणी उसाच्या फडावर ती तापानं फणफणली होती, आणि आई मुकादमासमोर अशीच उभी राहून एक दिवसाची सुट्टी मागत होती.

"एक नंबर!" योगीराज ओरडला. "फक्त ट्रॅक्टरचा आवाज आला मधी. परत एकदा."

दुसऱ्या वेळी दैवशालाबाई जास्त सराईत झाली. संपल्यावर तिनं विचारलं, "रडू का जरा?"

"नको," प्रियदर्शनी म्हणाली.

"आलं तर येऊ द्या, काकू," योगीराज म्हणाला.

तिसऱ्या वेळी आलं.

व्हिडिओच्या शेवटी, पळभर, दिवा घेतलेली पोरगी पायरीवर दिसली. योगीराजनं तो तिथंच लिंबाखाली बसून पानावर चढवला. जेवल्याबिगर दैवशालाबाई त्याला जाऊ देईना. तो भाकरी मोडत होता तेव्हा त्याचा मोबाईल थरथरायला लागला, आणि मग थांबेचना.

"बघ, बघ!" त्यानं हात धुतलाच नाही. "'या माउलीला सलाम.' 'हातावरचे घट्टे पाहून डोळ्यांत पाणी आलं.' हे बघ, अमेरिकेतले एक जण आहेत, 'मावशींना एक साडी पाठवायची आहे, पत्ता द्या.'"

हिरवी पट्टी अर्ध्यावर आली. ताटं उचलेपर्यंत त्याच्याही पुढं गेली. ऊन कलायच्या आत ती भरली. योगीराजनं अंगणात दोन उड्या मारल्या. "होणार, प्रियू! दुसरा भाग होणार!" प्रियदर्शनीनं मान हलवली. तिला हसायचं होतं. आतून हसू येईना.

दैवशालाबाई पदराला हात पुसत त्याच्या शेजारी येऊन टेकली.

"माझं झालं," ती म्हणाली. "त्या दिव्यावाल्या पोरीचं काय म्हनायलेत? कसं काढलंय म्हनायलेत हिनं?"

"बघतो ना, काकू."

योगीराज अंगठ्यानं एकेक ओळ वर सरकवू लागला. मग भराभर सरकवू लागला. प्रियदर्शनी उंबऱ्यावरून त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं मान वर केली नाही.

"बघायलोय," तो पुन्हा म्हणाला.

"सावकाश बघ," दैवशालाबाई म्हणाली, आणि आपल्याला वाचता न येणाऱ्या त्या सरकत जाणाऱ्या ओळींवर मान पुढं करून वाकली.