एक हाक

कारखान्यातल्या मोठ्या मिक्सरच्या पोटात उतरणाऱ्यानं, बाहेरून कुणी तो चालू करू नये म्हणून, मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, हा नियम सुपरवायझरनंच घालून दिला होता. त्या दुपारी माल अडला होता, मॅनेजरचे फोनवर फोन येत होते आणि स्विचला फिटरचं, म्हणजे त्याच्याच धाकट्या मेहुण्याचं, कुलूप लटकत होतं. “काढायचं विसरून चहाला गेला असणार,” पुटपुटत त्यानं ते कटरनं कापलं आणि स्विचवर हात ठेवला. तेवढ्यात आतून पाती खरवडल्याचा आवाज आला. त्यानं झटकन हात मागे घेतला. मेहुणा घामानं निथळत झाकणातून वर आला. कापलेलं कुलूप बघून म्हणाला, “दाजी, एक हाक मारली असतीत, तर लगेच निघालो असतो.” संध्याकाळी सुपरवायझरनं मॅनेजरला सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, “काही झालं नाही ना? मग सोडा.” घरी दारातच बायकोनं विचारलं, “धाकट्याला जेवायला आणणार होतात ना?” त्याला उंबरा ओलांडवेना.