उंच माथ्याचे पिस्टन

अडतीस सालच्या उन्हाळ्यात सुपडूआबा मिस्त्रींनी धुळे-दोंडाईचा मोटारीला उंच माथ्याचे घडीव पिस्टन बसवले. अशा पिस्टननं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, वाढलं की चढावर मोटार दमत नाही, पण जास्त झालं तर इंजिन ठोके देतं आणि फुटतं. ते बेताचं आहे की नाही, हे आबा तीस वर्षं कानानंच ठरवत आले होते.

मगन ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. आबांनी डोळे मिटले. "बठ्ठं बराबर शे, मगन. एक बी ठोका नही!"

ठोके ऐकून समोरच्या दुकानातली माणसं रस्त्यावर आली होती. आबांच्याच हाताखाली शिकलेल्या मगननं इंजिन बंद केलं.



आबा डोळे मिटून, मान डोलवत ऐकतच राहिले.