वेलांटीचा पिसारा

“तारीख आणि पत्ता तरी साध्या अक्षरांत छाप,” होणाऱ्या बायकोने विनवलं. ओजसने स्वतः ब्रशने रेखून फॉन्ट केला होता. एकेका वेलांटीला मोराचा पिसारा. “साधी अक्षरं किराण्याच्या पाटीला,” म्हणत त्याने अख्खी पत्रिका त्यातच छापली.

मुहूर्ताला कार्यालयात रिकाम्या खुर्च्याच जास्त होत्या. अंतरपाट धरून गुरुजींनी पुकारलं, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.”

मामांचा पत्ता नव्हता. सासऱ्यांनी फोन लावला, तर मामा इंदूरला घरीच. “आधी जावईबापूंना द्या,” ते म्हणाले.

“काय देखणी पत्रिका हो ती. फ्रेम करून दिवाणखान्यात लावली.”

मुंडावळ्यांसकट ओजसची मान ताठ झाली.

“बाकी लग्न कधी आहे, तेवढं कळवा.”