खाडीचं पाणी

नम्रता पुण्याजवळ मांजरी इथल्या एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम करते. त्या दिवशी आलेल्या बाटलीवर तिच्याच गावच्या खाडीचं नाव होतं. पाठवली होती गावातल्या मच्छीमार सोसायटीने.

कोकणातल्या त्या गावात पंधरा वर्षांपूर्वी रसायनांचा कारखाना आला. त्याच्यामागून पक्का रस्ता आला, दवाखाना आला. बाबांनी होडी विकून बॉयलरवर नोकरी धरली आणि त्याच पगारावर नम्रता पुण्यात शिकली.

तिने पाणी तीनदा तपासलं. मासा जगेल एवढाही प्राणवायू त्यात नव्हता. कारखान्याचं रसायनमिश्रित सांडपाणी सरळ खाडीत सोडलं जात होतं, यात शंका उरली नाही.

"तुमचंच गाव ना हे?" साहेबांनी विचारलं. "कारखान्याला टाळं लागू शकतं. सही तुमची आहे, विचार करून करा."

तिने सही केली. दुपारचा डबा तसाच राहिला. संध्याकाळी बसस्टॉपवरून तिने घरी फोन लावला.

"बाबा, तुमची नोकरी गेली तर ती माझ्यामुळे जाईल. खाडीच्या पाण्याचा रिपोर्ट मीच दिलाय. मला खोटं लिहिता आलं नाही हो."

बोलता बोलता तिला रडू फुटलं.

मग बाबांचा आवाज आला, "रडू नको गं. रात्रपाळी संपल्यावर ती बाटली मीच भरून सोसायटीत दिली होती."