पूर्णिमा अख्खी गोष्ट वाचते

“पूर्णिमा अडखळते हो, बाबूराव,” शशिकला मॅडम म्हणाल्या. “पहिल्याच अक्षरावर गाडी अडते तिची. स्टेजवर मुलं हसतील.”

बाबूरावांनी मॅडमच्या ओठांवरून सगळं वाचलं आणि त्यांचा पारा चढला. “माझी पोरगी अडखळते?” त्यांचा आवाज शाळेच्या व्हरांड्यात घुमला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढला ते कळत नाही. “मॅडमजी, रोज दोपहरला अख्खी किताब ऐकतो मी. फर्राट्याने वाचते. एकदाही अटकत नाही.”

“ऐकता?”

“ओठ ऐकतो ना! सत्तावीस साल साच्यावर काढली. कान तिथंच राहिले, पण ओठ कुणाचेही सांगा, वाचून दाखवतो.”

यात फुशारकी नव्हती. मिलच्या साचाखात्यात शेकडो माग एकदम खडखडत असत. तिथं घसा फाडण्यात अर्थ नव्हता. कामगार नुसते ओठ हलवत आणि चार माग पलीकडच्या माणसाला घरच्या भांडणापासून युनियनच्या भानगडीपर्यंत सगळं समजे.

मिलला टाळं लागून आता दोन वर्षं होत आली होती. सरकार म्हणत होतं, आता सगळं खुलं होणार. बाबूरावांना तर जिथं जावं तिथं बंदच दिसत होतं. सांवेर रोडच्या कारखान्यांत पन्नाशीच्या बहिऱ्या विणकराला गेटवरूनच वाटेला लावत. दिवसभर घरात बसून माणसाला खूळ लागायची पाळी. पण दुपारी नऊ वर्षांची पूर्णिमा शाळेतून येई, समोर मांडी घालून बसे आणि पुस्तक उघडे. त्या तासाभरासाठी बाबूराव बाकीचा दिवस ढकलत. सगळं गेलं, पण पोरगी चारचौघांत बोलणार, नाव काढणार, असं ते मंगलाला, आपल्या बायकोला, रोज बजावत. मंगला पोळ्या लाटत ऐकून घेई. तिच्या ओठांवर काहीतरी येई आणि परत जाई. ज्याची मिल गेली, कान गेले, त्याचा तेवढा एक तास कसा काढून घ्यायचा?

आता शाळेत एक संस्था मुलांसाठी पुस्तकं वाटणार होती. चांगले संस्कार व्हावेत, मुलांनी स्वतःला कमी लेखू नये, अशी पुस्तकं. त्यातली कावळ्याची गोष्ट कुणीतरी स्टेजवरून वाचायची होती. शाळेत आधीच आलेल्या प्रतीवरून पूर्णिमाला ती तोंडपाठ झाली होती.

“मिलवाल्याची पोरगी आहे म्हणून नको का?” बाबूरावांनी विचारलं.

ते मॅडमना लागलं. त्यांनी बापाशेजारी उभ्या असलेल्या पूर्णिमाकडे पाहिलं. “वाचशील?”

पूर्णिमाने बापाकडे पाहिलं आणि मान हलवली.

शनिवारी हॉल भरला. बाबूराव इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसले. शेजारी मंगला, पलीकडे शंकरराव. शंकरराव साचाखात्यातलेच, तेवढेच बहिरे.

पूर्णिमा स्टेजवर आली. कुणीतरी माइक खाली करून दिला. तिने पुस्तक उघडलं, तोंड उघडलं आणि तिचे ओठ एकाच जागी थरथरत राहिले. मानेची शीर फुगली. पुढची मुलं तोंडावर हात धरून हसू लागली. गोष्ट अजून सुरूही झाली नाही, मग ही कार्टी हसतात कशाला, बाबूरावांना कळेना. मंगलाने पदर तोंडाशी धरला.

पूर्णिमाची नजर बापाला शोधत आली. सापडली. बाबूरावांनी मागावरून साथीदाराला करत तशी खूण केली. चालू दे.

आणि ती सुटली. ओठ कसे पाण्यासारखे वाहू लागले! कावळ्याला कोकिळेने हिणवलं, कावळा ढोलीत लपून बसला, चिमणीने त्याची समजूत घातली. एक शब्द चुकला नाही. कावळ्याच्या फजितीला शंकरराव खो खो हसले आणि त्यांनी बाबूरावांना कोपर मारलं. “वा भिया!”

बाकी हॉलमध्ये कुणी हालत नव्हतं. मुलांचं हसू थांबलं होतं. सगळे रंगून गेले आहेत, बाबूरावांना वाटलं. त्यांना राहवेना. गोष्ट संपायच्या आधीच ते उठून टाळ्या वाजवू लागले. शंकररावांनीही वाजवल्या. आणखी कुणी वाजवल्या नाहीत.

स्टेजवर बसलेले संस्थेचे पाहुणे शशिकला मॅडमकडे वाकले. त्यांचे ओठ बाबूरावांना दुसऱ्या रांगेतून स्वच्छ दिसले. “माइक बंद आहे का?”

बाबूराव चिडले. एवढं सुंदर वाचतेय पोरगी, आणि यांना माइक नीट ठेवता येत नाही! माइकवाला धावत आला. त्याने वायर हलवली, पूर्णिमाच्या बाजूने तोंड घालून “हॅलो” म्हटलं. सगळा हॉल दचकला. लोकांनी कानांवर हात ठेवले.

बाबूरावांचे हात टाळी वाजवता वाजवता थांबले. त्यांनी मंगलाकडे पाहिलं. तोंडातून आवाज न काढता, साचाखात्यातल्यासारखं विचारलं, “आवाज?”

मंगलाने नकारार्थी मान हलवली.

“घरी पण? रोज?”

तिने मान खाली घातली. बाबूराव मटकन खुर्चीत बसले.

स्टेजवर पूर्णिमा थांबली नव्हती. ती शेवटच्या पानावर आली होती. कावळा झाडाच्या शेंड्यावर बसून साऱ्या रानाला सांगत होता. बापावरची नजर न हलवता, एकही अक्षर न गाळता, तिचे ओठ म्हणाले, “माझा आवाज मला फार फार आवडतो.”