खणात राहिलेली पाने

चर्चच्या मागच्या छोट्या खोलीत रविवारचा उजेड कधी घाईने येत नसे. आधी तो खिडकीच्या वरच्या काचेत नुसताच थांबे. मग खाली उतरून टेबलाच्या कडेवरचा जुना शाईचा डाग उजळवी, खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या पांढऱ्या झग्याच्या बाहीवरून घसरे आणि शेवटी फरशीवर चौकोनी पसरून राही. त्यात विशेष असे काहीच नव्हते. धूळ होती, ती तरंगत होती. तो चौकोन आपल्या बुटांपर्यंत येण्याची वाट पाहत पाळक बसला होता. उजेड बुटांना टेकला की नऊ वाजत, आणि नऊ वाजता व्यासपीठावर उभे राहावे लागे.

टेबलावर दोन पाने होती. त्याचा उपदेश नेहमी दोनच पानांचा असे. पहिल्यावर न्याय, दुसऱ्यावर दया. ही शिस्त त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींची. "आधी जखम दाखव, मग मलम लाव," ते म्हणत. "नुसतं मलम घेऊन फिरतो तो फेरीवाला." गेले आठ रविवार पाळकाने दोन्ही पाने लिहिली होती आणि वाचले होते फक्त दुसरे. पहिले तो टेबलाच्या खणात सरकवून देई. आताही त्याने ते उचलले. रात्रभर झोपूनही न उतरणारा थकवा त्याच्या मनगटापर्यंत आला होता.

दारातून मंडळीच्या सेक्रेटरींनी डोके आत घातले.

"पाळकसाहेब, आज जरा आटोपशीर. मागच्या रविवारी माझ्या शेजारच्या आजोबांनी चार जांभया दिल्या. आणि ते तर ठार बहिरे!"

"मग हातवारे कमी करतो."

"करा, करा. पण दया असू द्या हं. लोकांना बरं वाटतं." डोके नाहीसे झाले.

त्यांच्या पाठोपाठ झाडलोट करणारी बाई आत आली. दोन महिन्यांपूर्वी तिचा नवरा याच चर्चचे छत रंगवताना शिडीवरून पडून वारला होता. पडताना थिनरचा डबा त्याच्या अंगावर उलटला. त्या वासावरून कोणीतरी "घेतली असेल" म्हणाले, आणि ते तसेच राहिले. पाळकाने तेव्हा ते खोडून काढले नव्हते. पुढे दर रविवारी तो मोहापुढे हरलेल्या दुर्बळांवर होणाऱ्या दयेविषयी बोलत आला, आणि ऐकणारे हळूच वळून तिच्या बाकाकडे पाहत आले.

तिने झाडू भिंतीला टेकवला. बगलेतून काही पाने काढून टेबलावर ठेवली. सुरकुत्या तळहाताने काढल्यासारखी ती सपाट होती.

"खण पुसताना सापडली. दर सोमवारी एक. आठ झाली. म्हटलं, वाचायची राहून जातात की काय."

"ती मुद्दामच ठेवली होती, ताई. लोक आधीच दमलेले असतात."

"मी वाचली. सगळ्यांत तेच आहे, ज्यानं लपवलं त्याला देव विचारील." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पाळकाला सोपे गेले असते. "साहेब, माझ्या माणसाला तुम्ही दर रविवारी माफ करता. पण त्यानं केलं काय होतं?"

पाळकाने पाने एकावर एक नीट लावली. ती आधीच नीट होती.

"जन्मात थेंब घेतला नाही त्यानं. चहासुद्धा अर्धा कप. पोरगी म्हणते, बाबांना माफी मिळताना ऐकवत नाही, मी नाही येणार. आज हातापाया पडून आणलीय. मागे बसलीय. आजचा शेवटचा रविवार, असं ठरलंय आमचं."

"देव सगळं जाणतो, ताई."

"देव जाणतो हो. तिच्या वर्गातल्या मुलींना कुठे माहीत आहे?"

तिने झाडू उचलला. दाराशी ती थांबली.

"त्या दिवशी तुम्ही इथेच होता ना, या खोलीत? तसंच म्हणाला होता तुम्ही."

पाळकाची मान हलली. ती होकारार्थी हलली की नकारार्थी, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. बाई झाडू घेऊन बाहेर गेली.

उजेड बुटांना टेकला.

व्यासपीठावरून त्याने सवयीने वर पाहिले. छत अर्धे पांढरे, अर्धे जुन्या पिवळट रंगाचे. काम जिथे थांबले तिथली रेघ कोणीच पुसली नव्हती. शेवटच्या बाकावर आईच्या खांद्याआड शाळेचे बूट घातलेली मुलगी त्याच रेघेकडे पाहत होती. तिने त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही.

त्याने दुसरे पान समोर धरले. अक्षर त्याचेच होते, सुंदर होते. त्याने ते पान दुमडून खिशात घातले. पहिले पान तर खोलीतच राहिले होते.

सेक्रेटरींनी घड्याळ पाहिले. बहिरे आजोबा पुढे झुकून त्याच्या ओठांकडे बघू लागले. लाकडी कठड्यावर टेकलेल्या आपल्या दोन्ही हातांकडे पाळकाने पाहिले.

"त्या सकाळी मी मागच्या खोलीत नव्हतो," तो म्हणाला. "शिडी मी धरली होती. माझा फोन वाजला, आणि मी शिडी सोडली."